अर्ध्या इंचाची खुंटी

मी, ओटाकर शिमेक, वडिलांचे नाव व्हेन्सल, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा पिनबॉलची यंत्रे आखण्याचा (एकोणीस वर्षांपूर्वी सोडला), राहणार बर्विन, इलिनॉय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडे येते. डोके थरथरत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले, ते मी त्यांच्याआधी करून दाखवले. तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणणारे होते ते सगळे माझ्याआधी वर गेले. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात लिहिले होते आणि दुसरे कंटाळून.

वकील म्हणाले, एक पान पुरे, कोणाला काय एवढेच लिहा. त्यांचे बरोबर असेल. पण कलम सहा एका पानात बसत नाही, आणि कलम सहासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, माझी एकुलती एक मुलगी लिबुशे हिला द्यावे. तिला सगळे लिबी म्हणतात, मीही पुढे तसेच लिहीन. तळघरात पाणी येते, तेव्हा पंप दर मार्चमध्ये तपासावा. विकायचे असेल तर खुशाल विकावे. भिंतींना मिठी मारून कोणी बसू नये, त्या ऐकत नाहीत, मी चौतीस वर्षे बोलून पाहिले आहे.

कलम २. बँकेत जे असेल त्याचे दोन भाग करून एक लिबीला आणि एक माझी बायको आडेला हिला द्यावा. आडेला १९८२ च्या वसंतापासून रिव्हरसाइडला वेगळी राहते, इथून गाडीने दहा मिनिटांवर. आमचा घटस्फोट झालेला नाही. चर्चमुळे झाला नाही असे ती सांगते, आळसामुळे झाला नाही असे मी सांगतो. कायद्याने ती माझी बायको आहे. मनानेही आहे, हे येथे नोंदवून ठेवतो, कारण तोंडाने सांगायचे राहून गेले.

कलम ३. माझी सर्व अवजारे, कॅलिपर आणि दोन्ही सोल्डरिंग गनसुद्धा, अर्नी डोम्बेक याला. कारखान्यात मी फळी, म्हणजे गोळी जिच्यावर धावते ती, आखायचो आणि अर्नी तिच्या खालच्या तारा जोडायचा, सव्वीस वर्षे. माझ्या आखणीला त्याने जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कोणी घातल्या नाहीत, आणि बहुतेक वेळा त्याचेच बरोबर असायचे. हेही तोंडाने सांगायचे राहिले. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून अर्नीची सही खाली नाही. त्याने रुसू नये.

कलम ४. वाळवलेल्या अळंब्यांच्या अकरा बरण्या शेजारी रोहेलियो इबारा याला. गेली चार वर्षे माझ्या दारातला बर्फ तोच काढतो, आणि विचारले तर म्हणतो, "आजोबा, माझं फावडं चुकून तुमच्या बाजूला जातं." म्हणजे तोही साक्षीदार म्हणून बाद. अशाने मला ओळखणारा साक्षीदारच उरेना. शेवटी टपाल आणणाऱ्याला आणि औषधे देणाऱ्या बाईंना गळ घालावी लागली. मला पुरताना भाषण नको. नंतर सगळ्यांना बदक आणि कोबी पोटभर वाढावे.

कलम ५. आता राहिलेल्या अढ्या. एकच शिल्लक आहे. कंपनीच्या विक्रीखात्याचे प्रमुख हॅलोरनसाहेब पंधरा वर्षांपूर्वी वारले, पण त्यांचे अस्वल अजून माझ्या गॅरेजात आहे. हे अस्वल म्हणजे 'जानेवारीतले तळे' या आमच्या यंत्राच्या डोक्यावर बसवायची रंगवलेली काच. ज्या पुस्तकावरून ते यंत्र झाले त्यात अस्वल नाही. पुस्तकावरून सिनेमा निघाला, त्यातही अस्वल नाही. सिनेमावाल्यांनी लांडगे घुसवले होते, तेवढे मी गिळले. पण हॅलोरनसाहेब म्हणाले की अस्वल लांबून दिसते. मी विचारले की जानेवारीत अस्वल झोपलेले असते त्याचे काय. ते म्हणाले, मग डोळे मिटलेले काढा. शेवटी डोळे उघडेच काढले, दातही काढले. सदर काच हॅलोरन कुटुंबातल्या जो कोणी मागेल त्याला फुकट द्यावी. अस्वल त्यांच्या घरचेच आहे.

कलम ६. 'जानेवारीतले तळे' हे यंत्र, जे माझ्या तळघरात उभे आहे, त्याविषयी.

आधी पुस्तकाबद्दल लिहिले पाहिजे. ते आडेलाने लिहिले. १९७१ साली छापून आले, एकशे चाळीस पाने. १९४९ च्या जानेवारीत, विस्कॉन्सिनमध्ये तिच्या मामांच्या शेताजवळच्या तळ्यावर तिचा धाकटा भाऊ यार्दा बर्फ फुटून पाण्यात पडला. तो आठ वर्षांचा होता, ती बारा. दोघेच होते. पुस्तकात असे आहे की बहीण बर्फावर पालथी पडून सरपटत जाते, हात लांब करते आणि हात पुरत नाही. चार बोटांचे अंतर राहते. ती 'चार बोटे' वाचून लोक रडले. शाळांत धडा लागला. आठ वर्षांनी सिनेमा निघाला, त्यांनीसुद्धा शेवटाला हात लावला नाही. मग आमच्या कंपनीने सिनेमाचे हक्क घेतले आणि आखणी माझ्याकडे आली. लेखिका माझ्याच घरात राहते हे कारखान्यात कोणाला माहीत नव्हते, कारण पुस्तकावर तिचे माहेरचे आडनाव होते.

यंत्र मूळ गोष्टीशी इमानी असावे हे माझे जुने वेड. धंद्यातले पुष्कळ लोक कुठल्याही फळीवर कुठलेही चित्र चिकटवतात. कालचे सर्कशीचे यंत्र, आज त्याच खाचांवर घोडेस्वार रंगवले की झाले. मला ते जमत नसे. मी पुस्तक सात वेळा वाचले, पट्टी घेऊन. डावीकडे मामांचा गोठा, उजवीकडे पाइनच्या झाडीतली वाट, मध्ये गोळी लागली की पडणाऱ्या तीन झडपा. बहीण मदतीसाठी तीन घरांची दारे ठोठावते आणि तिन्ही घरी कोणी नसते, त्या तीन झडपा. खालचे दोन फ्लिपर, बटण दाबले की उचलले जाणारे, ते बहिणीचे हात. आणि वर उजव्या कोपऱ्यात, अगदी लांब, एक खळगा. तो यार्दा.

खळग्याच्या तोंडाशी मी रबर चढवलेली एक खुंटी ठोकली. खुंटी आणि कडा यांच्यामधली जागा पोलादी गोळीपेक्षा अर्ध्या इंचाने कमी ठेवली. म्हणजे नेम कितीही चांगला असला तरी गोळी खुंटीला आपटणार आणि परत खाली येणार. हात पुरणार नाही. पुस्तकात आहे तसेच.

आमच्याकडे रंगकाम होण्याआधीच्या पहिल्या फळीला कोरी फळी म्हणतात. नुसते लाकूड, पेन्सिलीच्या रेघा आणि तारा. ती कोरी फळी बघायला मी आडेलाला कारखान्यात नेले. तिच्यासमोर शंभर गोळ्या मारल्या. शंभरच्या शंभर खुंटीला लागून परत आल्या. ती प्रत्येक गोळी परत येईपर्यंत वाकून बघत होती. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असंच राहू दे." मला वाटले, शाबासकी मिळाली. त्या दिवशी संध्याकाळी मी शीळ घालत घरी गेलो होतो.

पण आमच्या धंद्यात एक नियम आहे. न लागणारा नेम म्हणजे बिघाड. शंभर गोळ्या मारायच्या. पाचपेक्षा कमी आत गेल्या तर खुंटी सरकवायची, प्रश्न विचारायचा नाही. हॅलोरनसाहेबांनी माझी फळी खेळून पाहिली आणि मला खोलीत बोलावले. म्हणाले, "शिमेक, माणूस नाणं टाकतो ते आशेवर. तू त्याला पोरगं दाखवतोस आणि दार लावून घेतोस. उद्या लोक लाथा घालतील यंत्राला." मी पुस्तकाचे नाव काढले. त्यांनी ते वाचले नव्हते.

आता मृत्युपत्रात खोटे कशाला लिहू? दोष सगळा त्यांच्यावर ढकलून मी पुष्कळ वर्षे काढली. खरे हे आहे की ती खुंटी मलाही खटकत होती. इतकी वर्षे बोटांना एकच वळण लागलेले. न लागणारा नेम समोर असला की झोप येत नाही. सांगितल्यानंतर पाचव्या मिनिटाला मी ती उपटली होती. अर्धा इंच डावीकडे ठोकली. शंभर गोळ्या मारल्या, सहा आत गेल्या. आडेलाला सांगितले नाही.

वर आणखी एक केले. त्या वर्षी यंत्रे नुकती बोलायला लागली होती. गोळी खळग्यात गेली की पोराने काहीतरी ओरडावे असे ठरले, आणि लहान मुलाचा आवाज हवा होता. लिबी तेव्हा अकरा वर्षांची होती. मी तिला कारखान्यात नेऊन तिच्याकडून दोन शब्द बोलवून घेतले, "धरलंस मला!" ती इतकी खूश होती की आठवडाभर घरात तेच ओरडत फिरत होती, आणि आईने विचारले की तोंडावर हात ठेवायची. ते गुपित होते.

नवीन यंत्र बाजारात नेण्याआधी एखाद्या बारमध्ये दोनतीन आठवडे ठेवून बघायचे अशी पद्धत आहे. आमचे सिसेरोमधल्या एका बारमध्ये ठेवले होते. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी आडेलाला आणि लिबीला तिथे घेऊन गेलो. एक गवंडी खेळत होता, हाताला चुना तसाच. त्याची तिसरी गोळी वर गेली, खुंटीला घासली आणि खळग्यात पडली. दिवे लागले, घंटा वाजली आणि यंत्र लिबीच्या आवाजात ओरडले. लिबीने आईचा कोट ओढला, "आई, ऐकलंस? मी आहे ती!"

आडेलाने माझ्याकडे पाहिले. "लागतो?" एवढेच विचारले.

मी म्हटले, "हो. शंभरात सहा."

"सहा," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. हिवाळाभर आमच्यात बोलणे असे झालेच नाही. मीठ दे, बिल आले आहे, एवढेच. मार्चमध्ये तिने रिव्हरसाइडला घर घेतले. लिबी थोडे दिवस तिच्याकडे, थोडे माझ्याकडे, अशी वाढली.

चौतीस वर्षे मी असे धरून चाललो की मी तिच्या पुस्तकाशी बेइमानी केली म्हणून ती गेली. तिचा मेलेला भाऊ मी बारमध्ये बक्षीस म्हणून लावला. पत्रे लिहून माफी मागितली. दर वेळी उत्तर येई: ओटा, त्या विषयावर बोलायचं नाही. आणि खाली लिबीच्या दातांचे किंवा शाळेचे काहीतरी.

लिबी वेगळेच धरून चालली होती. ते मला ती चाळीस वर्षांची झाली त्या दिवशी कळले. केक कापून झाल्यावर भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, मी ते बोलायलाच नको होतं." मी विचारले, कोणते? ती म्हणाली, "धरलंस मला." मी काहीबाही बोलून विषय टाळला. त्याची मला लाज वाटते. लिबी, हे कलम मुख्यतः तुझ्यासाठी आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच.

या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मला वसंतापर्यंतची मुदत दिली. तेव्हा ठरवले की निदान एक यंत्र तरी दुरुस्त करून जावे. अर्नीने चौकशी करून केनोशात एका बंद पडलेल्या खेळघरात एक शोधले. ते आणले, तळघरात उभे केले. डोक्यावरची अस्वलाची काच उतरवून गॅरेजात ठेवली. अर्नीने दिवे आणि तारा नीट केल्या, आणि सप्टेंबरात मी ती खुंटी उपटून पहिल्या जागी, अर्धा इंच उजवीकडे, ठोकली. माझे हात कापतात म्हणून गोळ्या अर्नीने मारल्या. दोनशे मारल्या, एकही आत गेली नाही. अर्नी म्हणाला, "अरे, पस्तीस वर्षांनी यंत्र बिघडवून दाखवलंस की." मग मी आडेलाला फोन केला आणि म्हटले, तू एकदा येऊन बघून जा, पुन्हा काही मागणार नाही.

२ ऑक्टोबरला रविवारी चर्च आटोपून ती आली. लिबीने आणून सोडले आणि मीच तिला दुकानात पिटाळले. आडेला आता ऐंशीची आहे. जिना आडवी आडवी उतरली. यंत्राकडे बघितले, अस्वल नाही हे बघून म्हणाली की बरे झाले. मग कोट न काढताच बटणांवर बोटे ठेवली. ती इतका चांगला खेळेल असे मला वाटले नव्हते. तीन गोळ्या होत्या, तीनही तिने थेट वरच्या कोपऱ्यात नेल्या. तीनही खुंटीला आपटून परत आल्या.

मी फुशारकीने म्हटले, "बघ. आता पुस्तकाबरहुकूम आहे. कोणालाच लागणार नाही."

ती काचेवर हात टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "ओटा, ही खुंटी सिसेरोत होती तिथे लाव."

"अगं, पुस्तकात..."

"पुस्तकात आहे तसं झालं नव्हतं."

पुढचे मी तिने सांगितले तसे लिहितो. हात पुरला होता. यार्दाची बोटे तिच्या हातात होती. ती ओढत होती, आणि तिच्या छातीखालचा बर्फ कडाडला. तिने हात सोडला. आधी मी येथे 'हात सुटला' असे लिहिले होते. हे कलम मी तिला फोनवर वाचून दाखवले तेव्हा तिने ते खोडायला लावले.

मामा धावत आले तेव्हा त्यांनी विचारले, हात पोचला नाही ना पोरी? तिने मान डोलावली. मग आईने तेच विचारले, धर्मगुरूंनी तेच विचारले. सगळ्यांनी उत्तर हातात देऊनच विचारले. मोठी झाल्यावर तिने पुस्तक लिहायला घेतले ते खरे सांगावे म्हणूनच, पण त्या पानावर आली आणि तिथे चार बोटे आली. पुस्तकातून ती सिनेमात गेली, सिनेमातून शाळेत गेली. "सगळ्या जगाने माझी साक्ष मान्य केली," ती म्हणाली. "तुझ्या त्या यंत्राने एकट्याने नाही केली."

मी पायरीवर बसलो होतो. ती माझ्याकडे न बघता बोलत होती. कोऱ्या फळीवर शंभर गोळ्या परत आल्या त्या दिवशी तिला आयुष्यात पहिल्यांदा हलके वाटले होते, असे म्हणाली. तिच्या नवऱ्याने, जो सगळे मोजतो, त्याने मोजून सांगितले होते की यार्दापर्यंत हात पुरणे होण्यासारखेच नव्हते. आणि मग सिसेरोत तो गवंडी.

"मला वाटलं, तुला कळलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. तोंडाने विचारवत नाही म्हणून असं विचारतोयस. रोज वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल. जेवायला बसलास की मी काहीतरी आणायच्या निमित्ताने उठायचे. नाही झालं माझ्याने."

मी म्हटले, "मला काही माहीत नव्हतं गं. हॅलोरनने सांगितलं म्हणून सरकवली."

"हो. ते मला आत्ता, इथे कळतंय."

मी म्हटले, "बारा वर्षांची होतीस तू."

"तो आठ वर्षांचा होता," ती म्हणाली.

मला तेव्हा रडू आले, ते मी येथे लिहून ठेवतो. तिच्यासाठी आले, त्या पोरासाठी आले, आणि आमच्या चौतीस वर्षांसाठीही आले. दहा मिनिटांच्या अंतरावर मी एक चूक जपत बसलो होतो आणि ती दुसरी. कोणी एकाने फोन उचलून एक प्रश्न विचारला असता तर पुरे होते.

जाण्याआधी ती म्हणाली की लिबीला हे कळले पाहिजे. मी म्हटले, मग तू सांग. तिने प्रयत्न केला नाही असे नाही. लिबी परत आली तेव्हा आडेलाने तिला स्वयंपाकघरात बसवले, दोन वेळा घसा साफ केला आणि शेवटी टेबलावरचे कोलाचे, आमच्याकडचे ते गोड भरलेले पाव, कुठल्या बेकरीचे होते ते सांगितले. गाडीत बसताना माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्या तोंडून निघत नाही. तुझ्या कागदातून निघू दे." म्हणून हे येथे आहे. तिच्या संमतीने आहे, आणि तिने शब्द न् शब्द ऐकलेला आहे.

मंगळवारी अर्नीने खुंटी पुन्हा सरकवली. का, ते त्याने विचारले नाही. शंभर गोळ्या, सात आत. लिबीचा आवाज अजून स्वच्छ येतो.

पुढच्या रविवारी, ९ तारखेला, आडेला पुन्हा आली. या वेळी कोट काढला. दोन गोळ्या तिने अशाच घालवल्या. तिसरी खाली आली तेव्हा उजवे बटण दाबून धरले. बटण दाबून ठेवले की फ्लिपर उचललेला राहतो आणि गोळी त्याच्या कुशीत थांबते. किती वेळ थांबवायची याला यंत्रात मर्यादा नाही. मी आखताना ठेवलीच नव्हती. ती तशीच उभी राहिली. बोट पांढरे पडले. दिवे लुकलुकत होते, वरून लिबीच्या चालण्याचा आवाज येत होता. मी घड्याळ पाहिले नाही, मोजायची सवय असूनही. मग तिने नेम धरला आणि मारली. गोळी सरळ वर गेली, खळग्याच्या काठावर फिरली आणि परत आली.

"लागला असता," ती म्हणाली.

"लागला असता," मी म्हणालो.

सबब, सदर यंत्र आहे त्या स्थितीत, खुंटी आहे त्या जागी, माझी बायको आडेला शिमेक हिला द्यावे. तिचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. यंत्राचे पाय काढून, काच वेगळी उतरवून न्यावे. अर्नीला माहीत आहे. खुंटीला कोणी हात लावू नये. धंद्यातल्या कोणी हुशारी दाखवून ती 'मूळ पुस्तकाप्रमाणे' करू नये. आडेलाच्या पश्चात यंत्र लिबीला मिळावे, याच अटीवर.

लिबी, तुझ्या आवाजामुळे आई गेली नाही. तू अकरा वर्षांची होतीस, मी सांगितलेले दोन शब्द तू बोललीस आणि चांगले बोललीस. हे मी तुला त्या वाढदिवशी, हातात ताटली असताना, सांगायला हवे होते. हे वाचून झाले की आईकडे जा. तिला काही विचारू नकोस. तिने आपणहून सांगितले तर ऐक, आणि "तू लहान होतीस" असे म्हणू नकोस, मी म्हणून पाहिले आहे. यंत्र लाव. एकटीने दोन्ही बाजू सांभाळायला तिला आता जड जाते. बटणे दोन आहेत. एक तिला धरू दे, दुसरे तू धर.

येणेप्रमाणे सहा कलमे मी वाचून, समजून, दोन ठिकाणी खोडून लिहिली आहेत. खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे आहेत.

ओटाकर शिमेक (सही)

वर सही करणारे गृहस्थ आमच्या दोघांच्या समोर, आपल्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत सही करते झाले. आम्हांला या कागदाने काहीही मिळत नाही. दोन कप कॉफी मिळाली, ती येथे नमूद करावी असा त्यांचा आग्रह आहे.

साक्षीदार:
१. डेस्मंड टिलरी, टपाल खाते (सही)
२. मार्सेला नोव्होत्नी, औषधविक्रेत्या (सही)

स्थळ: बर्विन, इलिनॉय
दिनांक: सोमवार, २४ ऑक्टोबर २०१६